माणसं सारखी सोडून जात असतील तर जॅझ-फंक बँड वाढतो कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे की पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा बेस गिटार वाजवतो, सहा जणांचा जॅझ-फंकचा ग्रुप आहे, पण दीड वर्षात चार माणसं बदलली. कोणाला बंगळुरूला नोकरी लागली, कोणाच्या घरचे ओरडले, आणि दरवेळी बसवलेलं सगळं परत पहिल्यापासून बसवायचं. परदेशातले बँड एवढे मोठे होतात तर त्यांच्याकडे माणसं टिकतात कशी, असं त्याने विचारलंय.

नाही टिकत रे. वय वाचून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी गेली बारा वर्षं डॅलसच्या उत्तरेला राहतो, नोकरी सॉफ्टवेअरची, लहानपणापासून तबला वाजवतो आणि इथे मंडळाच्या गणपतीत साथीला बसतो. त्यामुळे तुझा प्रश्न वाचल्यावर मला दुसरातिसरा कुठला बँड आठवलाच नाही, इथलाच आठवला, स्नार्की पपी. आज त्यांच्याकडे पाच ग्रॅमी आहेत, पण २००४ साली सुरू झाला तेव्हा ती कॉलेजची दहा पोरं होती, आणि तेव्हापासून आजपर्यंत या बँडमध्ये इतकी माणसं आली, गेली आणि परत आली की 'सोडून गेला' हा शब्दच तिथे लागू पडत नाही. ते कसं जमवलं तेच सांगतो.

माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर डेंटन नावाचं गाव आहे, तिथे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सस. जॅझमध्ये पदवी देणारं जगातलं पहिलं विद्यापीठ हेच, १९४७ सालापासून. आपल्या पंडित रविशंकरांची मुलगी नोरा जोन्स, तीसुद्धा इथे जॅझ पियानो शिकायला होती. इथे विद्यार्थ्यांचे जॅझचे बँड आहेत आणि त्यांची नावं रिहर्सलच्या वेळेवरून पडलीत, वन ओ'क्लॉक, टू ओ'क्लॉक, असं करत नाइन ओ'क्लॉकपर्यंत. वन ओ'क्लॉक म्हणजे सगळ्यात वरचा, त्यात नंबर लागला की तू भारी. मायकेल लीग नावाचा बेस वाजवणारा मुलगा होता, त्याचा या वरच्या बँडमध्ये काही नंबर लागला नाही. त्याने स्वतःच मुलाखतींमधून सांगितलंय की तिथे वाजवण्याइतका तो तेव्हा चांगला नव्हता. मग त्याने स्वतःच ट्यून लिहिल्या, ओळखीची पोरं गोळा केली आणि बँड काढला. सुरुवात एवढीच. तू बेसवाला आहेस म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

पहिली दोन-तीन वर्षं ते जे वाजवत होते ते चांगलंच होतं, २००६ सालचा पहिला अल्बम आजही ऐकायला मिळतो, ऐक. हुशार पोरांचं संगीत आहे, सगळं कागदावर नीट लिहिलेलं, स्वरांचे अवघड अवघड जोड, पण ऐकताना पाय हलत नाही. माझं हे मत कोणाला पटणार नाही कदाचित, पण मी तो अल्बम आणि नंतरचे अल्बम पाठोपाठ ऐकलेत आणि मला दरवेळी तसंच वाटलंय.

बदल झाला तो डॅलसच्या चर्चमधल्या वादकांमुळे. मला विचारशील तर या बँडची खरी गोष्ट इथून सुरू होते. डॅलसमध्ये बर्नार्ड राइट नावाचा की-बोर्ड वादक राहायचा, मूळचा न्यूयॉर्कचा, सोळा-सतरा वर्षांचा असताना १९८१ मध्ये स्वतःचा अल्बम काढलेला माणूस, माइल्स डेव्हिस या जॅझच्या मोठ्या ट्रम्पेटवाल्याच्या 'टूटू' अल्बमवर पण वाजवलेला. अशा माणसाने या कॉलेजच्या पोरांना आपलं म्हटलं. त्याच्यामुळे लीग डॅलसच्या काळ्या लोकांच्या गॉस्पेल (म्हणजे चर्चमधलं भक्तिसंगीत) आणि आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) वाल्या जगात शिरला, तिथल्या चर्चमध्ये बेस वाजवायला लागला. तिथून रॉबर्ट 'स्पट' सिराइट आला ड्रमवर, शॉन मार्टिन आला, बॉबी स्पार्क्स आला की-बोर्डवर. स्पट आणि शॉन हे कर्क फ्रँकलिन या नावाजलेल्या गॉस्पेलवाल्याच्या संगीतातून तयार झालेले. डिग्री असलेली पोरं आणि चर्चमध्ये लहानाचे मोठे झालेले हे वादक एका खोलीत बसले आणि बँडचा आवाजच बदलला.

चर्चमध्ये असं काय वेगळं असतं हे मलाही कळत नव्हतं. माझ्या ऑफिसमधल्या एकाचे काका दक्षिण डॅलसच्या एका चर्चमध्ये बेस वाजवतात, तो मला एका रविवारी घेऊन गेला. ड्रम सेट पारदर्शक प्लास्टिकच्या भिंतीआड, बाजूला हॅमंड ऑर्गन, आणि पास्टर बोलायला लागले. नुसतं बोलणं, गाणं नाही. पण त्यांचं प्रत्येक वाक्य संपलं की ऑर्गनवाला त्याला उत्तर दिल्यासारखा दोन-तीन स्वर टाकायचा. वाक्यं छोटी व्हायला लागली तशी ऑर्गनची उत्तरं जवळ जवळ येत गेली, ड्रमरने हातात काठ्या घेतल्या पण वाजवलं नाही, तो फक्त पास्टरच्या खांद्याकडे बघत होता. खांदा हलला आणि एका क्षणात सगळे एकदम दुगणीत सुटले. कोणी एक-दोन-तीन म्हटलं नाही, समोर कागद नाही. थांबले तेही असंच, एका हाताच्या इशाऱ्यावर, सुरी फिरवल्यासारखे.

मी तिथे उभा राहून थेट आमच्या गावाला पोचलो होतो. सातारा जिल्ह्यात आमचं गाव, वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एकादशीच्या आदल्या संध्याकाळी कणीक मळून घ्यायचे, डाव्या तोंडाला ती लावायची आणि थाप मारून बघायचं, कमी वाटली तर अजून थोडी. भजन सुरू झालं की ते पखवाजाकडे कधी बघायचे नाहीत, त्यांची नजर बुवांच्या तोंडावर. बुवा एक ओळ चार वेळा घोळवणार की सातव्यांदा पण घोळवणार हे बुवांनाच माहीत नसायचं, पण लग्गी कधी सोडायची ते वडिलांना बरोबर कळायचं. मी विचारलं होतं एकदा की कसं कळतं, तर म्हणाले, श्वास बघायचा. डॅलसच्या त्या ड्रमरचं पण हेच चाललं होतं. कॉलेजात हे कोणी शिकवू शकत नाही असं नाही, पण दर आठवड्याला खऱ्या माणसांसमोर, ज्यांना त्या संगीताची गरज आहे अशांसमोर वाजवल्याशिवाय ते अंगात येत नाही. लीगने ते केलं, नुसते गॉस्पेलचे रेकॉर्ड ऐकून घरी बसला नाही.

बरं, त्यानंतर काय लगेच नाव झालं का, तर नाही. बरीच वर्षं व्हॅनमधून फिरणं, लोकांच्या घरी जमिनीवर झोपणं, छोट्या जागांमध्ये वाजवणं. दहा माणसांचा बँड म्हणजे मिळालेले पैसे दहा ठिकाणी वाटायचे, पेट्रोललाच पुरले तरी खूप. याच काळात लीगने मुक्काम टेक्सासमधून न्यूयॉर्कला, ब्रुकलिनला हलवला. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, सगळ्याच बँडना ती काढावी लागतात.

पण एक गोष्ट त्यांनी फार विचार करून केली, ती नीट समजून घे कारण तुमच्या उपयोगाची आहे. २०१० च्या 'टेल युअर फ्रेंड्स' पासून त्यांनी रेकॉर्डिंगची पद्धतच बदलली. स्टुडिओत बँड गोल बसलेला आणि त्यांच्या मधेमधे, अगदी वादकाच्या कोपराला लागेल इतक्या जवळ, प्रेक्षक बसवलेले, आणि प्रत्येक प्रेक्षकाच्या कानावर हेडफोन. हेडफोन का, तर मोठे स्पीकर लावले की त्यांचा आवाज सगळ्या माइकमध्ये शिरतो आणि रेकॉर्डिंग गढूळ होतं. हेडफोन दिले की खोलीत स्पीकर नाही, माइक स्वच्छ, आणि ऐकणाऱ्याला मिक्स केलेला आवाज थेट कानात. म्हणजे स्टुडिओची सफाई पण मिळाली आणि समोर माणूस बसलाय म्हणून वाजवणाऱ्याला जी धग लागते ती पण मिळाली. शिवाय सगळं कॅमेऱ्यावर घेतलं आणि ऑनलाइन टाकलं. शब्द नसलेलं, आठ-नऊ मिनिटांचं संगीत रेडिओवर कोण लावणार? पण व्हिडिओत माणसांचे चेहरे दिसतात, कोणी काय वाजवलं की बाकीचे कसे खूश होतात ते दिसतं. लोक ते बघून बँडच्या प्रेमात पडले, जगभर पडले.

यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे 'वी लाइक इट हिअर', हॉलंडमध्ये उट्रेख्त शहरात २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये चार रात्रींत रेकॉर्ड केलेला, २०१४ मध्ये आला. आता तुझ्या प्रश्नाशी याचा संबंध बघ. या रेकॉर्डिंगला ड्रमवर टोरांटोचा लार्नेल लुईस आहे, त्याला ऐनवेळी बोलावलं आणि त्याने अख्ख्या अल्बमचं संगीत विमानात बसून, येता येता ऐकून पाठ केलं. ते ऐकताना तुला कुठेही वाटणार नाही की हा माणूस कालच आलाय. त्याची तयारी जबरदस्त आहेच, तोही चर्चमध्येच वाढलेला, पण बँडचीही तयारी होती की आज हा नाही तर तो, आणि जो येईल तो त्याच्या पद्धतीने वाजवेल, आधीच्याची नक्कल करायला नको.

त्याच अल्बममधला 'लिंगस' काढ आणि चार मिनिटं होईपर्यंत थांब. कोरी हेन्रीचा सिंथवरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक की-बोर्डवरचा, सोलो सुरू होतो. हा ब्रुकलिनचा मुलगा, दोन वर्षांचा असल्यापासून ऑर्गनवर बसलेला, परत चर्चच. सुरुवातीला तो जवळजवळ काहीच करत नाही, एक लहानसा तुकडा, थांब, परत तोच तुकडा थोडा वाकवून, थांब. खाली बेस आणि ड्रम जागचे हलत नाहीत. मग तो हळूहळू मूळ स्वराच्या बाहेर पाऊल टाकायला लागतो, इतका बाहेर की वाटतं आता हा परत येत नाही, आणि समेवर आल्यासारखा बरोबर परत येतो, मग परत जातो, अजून लांब. बाजूच्या वादकांचे चेहरे बघ, ज्यांनी हे संगीत रोज वाजवलंय त्यांनाही पुढे काय येणार ते माहीत नाहीये. मी हा व्हिडिओ आईला दाखवला होता, तिला जॅझमधलं काही कळत नाही, ती म्हणाली हा भीमसेनांसारखा जागा घेतोय. मला त्याच्यापेक्षा चांगलं समीक्षण अजून वाचायला मिळालेलं नाही.

पहिली ग्रॅमी मात्र याच्या आधीच्या रेकॉर्डिंगला मिळाली. 'फॅमिली डिनर'चा पहिला भाग, २०१३ च्या मार्चमध्ये व्हर्जिनियातल्या रोआनोकला केला, त्यात वेगवेगळ्या गायकांना बोलावलं होतं. त्यात लेला हॅथवे, म्हणजे जुना सोल गायक डॉनी हॅथवे याची मुलगी, 'समथिंग' गाते आणि शेवटाकडे एकाच गळ्यातून एकाच वेळी एकापेक्षा जास्त स्वर काढते, अख्खा कॉर्ड गळ्यातून. तो क्षण आला की मागचे वादक डोळे विस्फारून एकमेकांकडे बघतात, हात मात्र चालूच. २०१४ मध्ये त्याला आर अँड बी परफॉर्मन्सची ग्रॅमी मिळाली. कॉलेजातून निघालेल्या, गायक नसलेल्या बँडला आर अँड बी मध्ये! डॅलसच्या चर्चवाल्यांकडे जाऊन बसल्याचं ते फळ आहे असं मी मानतो. पुढच्या चार ग्रॅमी वाद्यसंगीताच्या अल्बमना मिळाल्या, त्यात एक हॉलंडच्या मेट्रोपोल ऑर्केस्ट्राबरोबरचा 'सिल्व्हा' आहे आणि एक लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला, २०१९ च्या कार्यक्रमाचा.

आता माणसं जाण्याचं. हे लोक स्वतःला 'द फॅम' म्हणतात, साधारण पंचवीस जणांचं कुटुंब, आणि एका दौऱ्यावर त्यातले नऊ-दहा जण. गिटारवर बॉब लँझेटी, ख्रिस मॅक्वीन, मार्क लेटिएरी, तिघांनाही सगळं येतं, तिघांपैकी जो मोकळा असेल तो जातो. ड्रमवर स्पट, लार्नेल लुईस, जेसन 'जेटी' थॉमस, नंतर जेमिसन रॉस. बिल लॉरन्स तर इंग्लंडचा, अगदी सुरुवातीपासून आहे पण स्वतःचे अल्बम पण करतो. आपल्याकडे 'बदली' म्हटलं की गिरणीतला बदली कामगार आठवतो, कायम झालेला नसतो, कमी समजला जातो. इथे बदलीवर आलेला माणूस घरचाच होतो, पुढच्या अल्बममध्ये त्याच्या ट्यून असतात. सुरुवातीला जवळजवळ सगळं लीग लिहायचा, आता बरेच जण लिहितात. आणि जो स्वतःचं काही करायला जातो त्याला अडवत नाहीत. स्पट आणि तालवाद्यं वाजवणारा नेट वर्थ, दोघांनी 'घोस्ट-नोट' काढला. लीगने 'ग्राउंडअप' नावाचं लेबलच, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच, काढलं, त्यावर बँडमधल्या लोकांचे अल्बम येतात, बाहेरच्यांचेही येतात. बंगळुरूची वारिजाश्री वेणुगोपाल, तिचा २०२४ सालचा 'वारी' लीगने प्रोड्यूस केलाय, तो जरूर ऐक, कर्नाटकी गळा आणि हा ग्रूव्ह एकत्र कसा बसतो ते कळेल.

तुमच्या ग्रुपला मी काय करायला सांगेन? तो बंगळुरूला गेलेला मुलगा, त्याला ग्रुपवरून काढू नका. दिवाळीला घरी येईल तेव्हा एक कार्यक्रम त्याच्यासाठी ठेवा. प्रत्येक वाद्याला दोन माणसं तयार करा, दोघांनाही सगळ्या ट्यून आल्या पाहिजेत, आणि दुसऱ्याला पहिल्यासारखंच वाजव असं म्हणू नका. जे बसवलंय ते लिहून ठेवा, नुसतं व्हॉट्सअॅपवर ऑडिओ पाठवून भागत नाही, कोणत्या जागी कोण थांबतं ते कागदावर पाहिजे, म्हणजे नवीन आलेला दोन दिवसांत उभा राहतो. आणि तू बेसवाला आहेस तर महिनाभर कुठल्यातरी चांगल्या भजनी मंडळात जाऊन बस. वाजवू नकोस, पखवाजवाल्याच्या शेजारी बस आणि तो कुठे बघतो ते बघ. पुण्यात राहून आळंदी-देहू हाताशी असताना हे करणार नसशील तर मला वाईट वाटेल. नाहीतर बँडवाल्यांचा शोध घे, लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे जे काका असतात ना, त्यांच्यातले काही जण असं वाजवतात की अंगावर काटा येतो, आणि त्यांच्याकडे तुमच्या वयाचं कोणीही शिकायला जात नाही. तुमच्या ग्रुपला सॅक्सोफोन नाही असं तू लिहिलंयस, एखाद्या काकांना विचारून तरी बघ.

शेवटचं एक, कारण हे लिहिताना तेच डोक्यात घोळतंय. २०२२ मध्ये स्नार्की पपी परत डॅलसला आले, डीप एलम भागात, जिथे शंभर वर्षांपूर्वी ब्लाइंड लेमन जेफरसन रस्त्यावर ब्लूज गायचा. तिथल्या एका हॉलमध्ये प्रेक्षकांसमोर त्यांनी 'एम्पायर सेंट्रल' रेकॉर्ड केला, बँडमध्ये एकोणीस जण, तीन ड्रमर एकत्र. आणि एका ट्यूनवर पाहुणा म्हणून बर्नार्ड राइट, ज्याने या पोरांना हाताला धरून चर्चच्या दारापर्यंत नेलं होतं तो. 'टेक इट' नाव आहे त्याचं. मे महिन्यात डॅलसमध्येच गाडीने धडक दिली आणि तो गेला, अल्बम सप्टेंबरमध्ये आला. पुढच्या वर्षी त्याच अल्बमला पाचवी ग्रॅमी. २०२४ मध्ये शॉन मार्टिनही गेला, तोही त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. ती ट्यून हेडफोन लावून ऐक आणि राइट वाजवत असताना बाकीचे अठरा-एकोणीस जण किती कमी वाजवतात, त्याला किती जागा देतात, त्याकडे कान दे.